तुम्ही ‘नाही’ म्हणालात, आणि ते खोटंही नव्हतं

बीड जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. नाव-गाव छापू नका म्हणून बजावलंय, तेव्हा ते राहू दे. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं घेते.

“ताई, माझं वय 41. हे मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. घरची चार एकर कोरडवाहू. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. सहा वर्षांमागं बाबा गेले, तेव्हा भावानं हक्कसोड पत्र करून घेतलं आणि माझ्या हातावर दोन लाख ठेवले. म्हणाला, दाजींना सांगायची काही गरज नाही, तुझं तुला असू दे. आईपण म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात मी शिलाईचे पैसे घालत गेले आणि एका मल्टिस्टेट पतसंस्थेत माझ्या नावानं ठेव केली. बँकेच्या जवळजवळ दुप्पट व्याज होतं. होता होता 3 लाख 40 हजार झाले. आता त्या मल्टिस्टेटला कुलूप आहे. माझी जाऊपण बुडाली त्यात, पण तिच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरी नाही.

थोरली लातूरला नीटची तयारी करते, दुसरं वर्ष. क्लास, होस्टेल, मेस, सगळं ओढून चाललंय. मागच्या महिन्यात रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, तुझ्याजवळ काही आहे का? मी म्हणाले, नाही. आता बघा ताई, खरंच नव्हतं ना माझ्याजवळ! पण तेव्हापासून झोप गेली. दिवाळी झाली की रस्त्याकडचा एकर काढायचा म्हणतात. गिऱ्हाईक बघून ठेवलंय, इसार तेवढा राहिलाय.

पोरीला माहीत आहे. ठेवीचे मेसेज तीच वाचून दाखवायची. मागच्या खेपेला आली तर पप्पा समोर असले की माझ्याकडं बघतच नव्हती.

हे दारू पीत नाहीत, कधी हात उचलला नाही. पण अबोला धरतात. मागं एका भांडणात मी जावेची बाजू घेतली, तर सव्वा महिना बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा लेकराकरवी सांगायचे.

अजून एक. कपाट आवरताना कागद सापडला. मित्राच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला हे जामीनदार आहेत. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मग मीच का सांगू? त्यांनी लपवलं, मी लपवलं. फिटंफाट. बरोबर का?”

नाही. फिटंफाट होत नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही तेच विचारलंय म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. कारणाकडे मात्र सावकाश येते, कारण तुमच्या पत्रात तुम्हाला वाटतो त्यापेक्षा गुंता जास्त आहे आणि तुम्हाला वाटतो तितका तुमचा अपराध मोठा नाही.

पहिली गोष्ट पैशाची. ते पैसे तुमचे आहेत. भावानं दिलेले तुमचे, मशीनवर बसून कमावलेले तर तुमचेच तुमचे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 नं 1956 पासून बाईच्या नावची मिळकत तिची पूर्ण मालकीची केली. तिच्यावर नवऱ्याचा, सासऱ्याचा हक्क पोचत नाही. तेव्हा ‘मी घरात चोरी केली’ असं जे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, ते खोडून टाका. (भावानं दोन लाखांत हक्कसोड करून घेतलं, त्यात तुमच्या वाट्याची खरी किंमत किती होती, हा वेगळा विषय आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर बापाच्या जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. भावाचा मोठेपणा सांगताना हेही ध्यानात असू द्या. आज तो हिशेब काढत नाही.)

बाईनं चार पैसे बाजूला ठेवावेत आणि त्याची वाच्यता करू नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेल्या कितीतरी बायकांच्या हातात रोख मजुरी पडली, आणि घरी पोचेपर्यंत त्यातली अर्धी दुसऱ्याच्या खिशात गेली. त्या बायकांनी ज्वारीच्या कणगीत, उशीच्या अभ्र्यात, भिशीत, माहेरी आईकडे पैसे का ठेवले, ते त्यांच्या लेकी-सुनांना कुणी समजावून सांगायला लागत नाही. त्याच पैशांतून लेकरांचे दवाखाने झाले, दुबार पेरणीचं बी आलं. तुमची आई ‘झाकली मूठ’ म्हणाली ती तिच्या आयुष्याच्या अनुभवातून म्हणाली.

म्हणून ‘नवरा-बायकोनं एकमेकांपासून तसूभर काही लपवू नये’ हे जे लग्नाच्या सत्कारात भाषण करणारे सांगतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही. लपवायच्या गोष्टी असतात. मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलं तिचं दुखणं, लग्नाआधी कॉलेजात कुणी आवडला होता ते, सासूबद्दल मनात आलेला वाईट विचार, बचत गटातली तुमची शिल्लक, हे सगळं ताटात वाढायलाच हवं असं नाही. उलट काही माणसं ‘मी खरं बोलतो’ म्हणून दुसऱ्याला टोचत सुटतात, त्यांच्यापेक्षा गप्प माणूस परवडला.

मग तुमचं चुकलं कुठं? ठेव केली तिथं नाही. बुडाली तिथंही नाही. त्या रात्री जेवताना.

त्या रात्रीकडे जरा नीट बघू. तुमचे यजमान मुनीम आहेत. सुगीत दिवसभर दुसऱ्यांचे लाख-लाख मोजायचे, पट्ट्या लिहायच्या, पावत्या फाडायच्या, संध्याकाळी गल्ल्याचा मेळ घालायचा. पैसा नाही असं तो माणूस दिवसभरात कुणाला म्हणत नसेल. त्यानं रात्री बायकोला विचारलं, तुझ्याजवळ काही आहे का. हे विचारायला त्याला काय पडलं असेल याचा विचार करा. सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल, असं मी धरून चालते, बहुतेक घरांत नसतंच. (शेतकरी संघटनेनं बायकांच्या नावावर जमीन करायला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, सरकारनं 1992 मध्ये त्यावर योजनाही आणली. किती जणांनी घेतली ते आपापल्या गावच्या तलाठ्याला विचारावं.) म्हणजे एकर विकायला त्यांना तुमची सही लागणार नाही. तुम्हाला न विचारता इसार घेऊन ते घरी पेढे आणू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. आधी विचारलं. आणि तुमच्या ‘नाही’वर विसंबून ते जमिनीकडे वळले.

तुम्ही म्हणता, खरंच नव्हतं. शब्दानं खरं आहे. पण मोंढ्यात पोत्याच्या मधोमध ओलं सोयाबीन घालून वरखाली वाळलेलं भरणारा शेतकरीही ‘बघा की हात घालून’ असंच म्हणतो, आणि वर हात घातला तर त्याचं बोलणं खरंच निघतं. तुमच्या यजमानांनी असली पोती आयुष्यभर पाहिलीत. त्यांना तुमचं ‘नाही’ कळेल तेव्हा ते नेमके याच नजरेनं त्याच्याकडे बघतील. म्हणून ‘मी खोटं बोललेच नव्हते’ हा मुद्दा त्यांच्यासमोर चुकूनही काढू नका. पत्रात मला लिहिलात ते ठीक.

माझं मोजमाप साधं आहे. ज्या गोष्टीच्या भरवशावर समोरचा माणूस सही करणार आहे, जमीन विकणार आहे, कर्ज उचलणार आहे, ऑपरेशनला हो म्हणणार आहे किंवा लेकराचं नाव कुठं घालणार आहे, ती गोष्ट आपल्याजवळ दडवून ठेवायचा हक्क आपल्याला राहत नाही, मग ती कितीही आपली असो. सहा वर्षं तो पैसा तुमचा खासगी होता. त्यांनी विचारलं त्या क्षणापासून तो राहिला नाही. त्या दिवशी ‘आहेत, पण अडकलेत’ एवढे तीन शब्द पुरले असते. ते आता म्हणायचेत, आणि इसाराच्या आधी म्हणायचेत. इसार झाल्यावर सांगणं म्हणजे फक्त आपलं ओझं उतरवणं. त्यांना त्याचा उपयोग शून्य, आणि आधी का नाही सांगितलंस हा प्रश्न जन्मभराचा.

थांबा. पुढं जायच्या आधी एक बाजूला सांगते, कारण हे सदर तुमच्यासारख्या दुसऱ्याही वाचतात. तुमच्या घरी हात उचलला जात नाही म्हणून मी ‘सांगा’ म्हणतेय. ज्या घरात दारू आहे, मार आहे, पैसा दिसला की हिसकावला जातो, तिथं बाईनं आपली शिल्लक लपवली तर त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईचे पैसे, दागिने काढून घेणं, घरखर्च अडवणं ही आर्थिक छळवणूक म्हणून धरलेली आहे. अशा घरातल्या बाईनं आधी 181 या महिला हेल्पलाइनला किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला गाठावं. नवऱ्यापुढे कबुलीजबाब द्यायला तिला कुणी सांगू नये.

आता पोरीचं. सगळ्या पत्रात मला हेच जास्त टोचलं, आणि तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय. 18-19 वर्षांचं लेकरू. लातूरला खोलीत बसून फिजिक्सची गणितं सोडवतंय, दुसरं वर्ष आहे, मागच्या वर्षीचे मार्क डोक्यावर आहेत. तिला माहीत आहे की आपल्यासाठी जमीन निघणार आहे. तिला हेही माहीत आहे की आईचे पैसे बुडालेत, आणि पप्पांना ते माहीत नाही. म्हणजे रात्री पप्पांचा फोन आला, ‘काय गं, जेवलीस का,’ तर ती त्यांच्याशी मोकळेपणी बोलूच शकत नाही. तुम्ही तिला ‘पप्पांना सांगू नको’ असं शब्दानं म्हणाला असाल-नसाल, मेसेज वाचून दाखवायला लावलात तेव्हाच ते झालं. ती तुमच्याकडं बघत नव्हती ती रागानं, असं तुम्हाला वाटतंय. मला नाही वाटत. डोळ्याला डोळा भिडला तर पप्पांना कळेल, ही तिची भीती. नीटच्या अभ्यासात हे वरचं ओझं तिनं का वाहावं? पहिल्यांदा तिला यातून सोडवा. पण ते तिला फोन करून ‘तू काळजी करू नको’ म्हणून होणार नाही. पप्पांना सांगून होईल.

कसं सांगायचं.

सुगी चालू आहे, मोंढ्यात आवक आहे, ते रात्री दहाला धुळीनं माखून येत असतील. तेव्हा नाही. मोंढा बंद असेल तो दिवस बघा. सासूबाई घरात असतील तर दोघं शेतात जा, त्या एकराच्या बांधावर बसा, हरकत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मात्र नको, तो दिवस दर वर्षी येतो आणि दर वर्षी आठवेल. जावेकरवी नको, भावाला मध्यस्थ घालून तर अजिबात नको. त्यांना सगळ्यात जास्त लागेल ते हेच, की मेहुण्याला, जावेला, पोरीला माहीत आणि मीच तेवढा बाहेरचा.

ठेवीची पावती, पासबुक, तक्रार दिली असेल तर तिची पोच, सगळं पिशवीत घेऊन जा. हिशेबाच्या माणसाशी कागद बोलतो. आणि पहिल्याच वाक्यात रक्कम सांगा. “अहो, माझे 3 लाख 40 हजार मल्टिस्टेटमध्ये अडकलेत. दोन लाख भावानं दिलेले, बाकी शिलाईचे. तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, ते चुकलं. इसाराच्या आधी तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.” एवढंच. ‘तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगू का’ असली नांदी नको. तसं म्हटलं की माणूस आधीच रागाच्या तयारीला लागतो. रडू आलं तर येऊ द्या, पण रडून झाल्यावर बोला, रडत रडत नको, नाहीतर तेच तुमची समजूत घालत बसतील आणि विषय तिथंच राहील.

आणि पूर्ण आकडा सांगा. हे मी परत सांगते, कारण इथंच पुष्कळ जणी आणि जणही फसतात. आधी ‘लाखभर’ म्हणायचं, त्यांचा चेहरा बघायचा, मग आठ दिवसांनी ‘दोन’ म्हणायचं, मग जाऊ बोलता बोलता साडेतीन म्हणून जाते. पहिल्या लपवण्याला तुमच्याकडं कारण आहे, भाऊ आहे, आई आहे, रीत आहे. दुसऱ्या खेपेच्या अर्धवट खऱ्याला काहीच कारण नसतं. तिथून पुढं तुम्ही खरा आकडा सांगितला तरी ते मनात त्यात भर घालून घेतील.

मग अबोला. तो येणार असं धरून चला. काही घरांत हात उचलत नाहीत म्हणून आपण नवऱ्याला चांगला म्हणतो, आणि महिना-महिना तोंड फिरवून बसण्याला ‘स्वभाव’ म्हणतो. मीठ कमी हे लेकराच्या तोंडून सांगणं ही शिक्षाच आहे, आणि ती तुमच्याबरोबर त्या लेकरालाही होते. तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात त्यात या सव्वा महिन्याचा वाटा मोठा आहे, असं मला पत्र वाचताना जाणवत राहिलं. खरं बोललं की सव्वा महिना घर मुकं होतं, हे ज्या घरात बाईला माहीत आहे, तिथं ती किती खरं बोलेल? हे त्यांनाही कधीतरी शांतपणे ऐकवलं पाहिजे. त्या दिवशी नको. त्या दिवशी एवढंच म्हणा: “राग धरा, पण जमिनीचं आधी बोलून घेऊ. ते थांबणार नाही.” आणि धाकट्याला निरोप्या करू नका. त्यानं ‘आई, पप्पा म्हणतात...’ सुरू केलं की ‘पप्पांना म्हण, मी इथंच आहे’ म्हणून त्याला खेळायला पाठवा.

जमिनीचं बोलायला तुमच्या दोघांजवळ खरी माहिती हवी, म्हणून थोडं सांगून ठेवते. पहिलं, ते 3 लाख 40 हजार यंदाच्या हिशेबात धरू नका. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, 2020 पासून ते 5 लाखांपर्यंत झालं. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांना ते नाही. आपल्याकडं काचेचं दार, एसी आणि गणवेशातली पोरं बघून लोकांना ती बँकच वाटली, त्यात तुमचं एकटीचं काही वेगळं नाही. अशा प्रकरणात आर्थिक गुन्हे शाखेकडे जबाब द्यायचा असतो. 1999 चा राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्यात संचालकांच्या मालमत्ता जप्त होऊन विशेष न्यायालयामार्फत विकल्या जातात आणि ठेवीदारांना रकमेच्या प्रमाणात वाटप होतं. संस्थेवर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला तर त्याच्याकडेही दावा दाखल करायचा. याला वर्षं जातात. पैसे येतीलच असं नाही आणि गेलेच असंही नाही. मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. ‘टक्केवारी द्या, तुमची ठेव आधी काढून देतो’ म्हणणारे गावोगाव फिरतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका. आणि एक, या कामात तुमच्या नावानं नोटीस, समन्स घरी येऊ शकतं. पोस्टमन ते ह्यांच्या हातात देईल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

दुसरं, पोरीच्या पुढच्या शिक्षणासाठी म्हणून आजच एकर काढताय का, हे दोघं मिळून तपासा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही, आणि होस्टेल-मेस त्यात येत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज 7.5 लाखांपर्यंत विनातारण मिळतं, पण ते प्रवेश मिळाल्यावर, क्लाससाठी नाही. म्हणजे आत्ता खरी नड आहे ती या एका वर्षाच्या लातूरच्या खर्चाची. त्याला अख्खा एकर लागतो का? मला वाटतं नाही. पण जमीन तुमची, कागद तुमचे, तुम्हाला जास्त कळतं. मी फक्त एवढं म्हणतेय की हा हिशेब आजवर एकटे मुनीम मांडत आलेत, अर्ध्या आकड्यांवर.

आणि आता तो जामिनीचा कागद, ज्याच्यावरून तुम्ही फिटंफाट म्हणालात.

तो कागद साधा नाही. 1872 च्या करार कायद्यात, कलम 128, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राचे हप्ते थकले तर बँकेला आधी मित्राच्याच मागं लागावं असं बंधन नाही, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. म्हणजे तुमच्या यजमानांनी घरावर एक कर्ज घेतलंय, फक्त ट्रॅक्टर दुसऱ्याच्या दारात उभा आहे. लग्नात ‘धर्मे च अर्थे च कामे च’ म्हणून त्यांच्याकडून ‘नातिचरामि’ वदवून घेतलं होतं, त्यात अर्थही आला होता. भटजी घाईत असतात, नवरदेवाचं लक्ष मुंडावळ्यांत असतं, तरी वचन ते वचन.

तेव्हा त्यांचं लपवणं तुमच्यापेक्षा लहान नाही. माझ्या मोजमापानं तर मोठंच आहे. तुमचे बुडाले ते तुमचे पैसे होते. त्यांनी डावावर लावलं ते चौघांचं आहे. आणि दोघांची गुपितं फिरून त्याच एका एकरावर येतात: एकर विकून आलेला पैसा खात्यात पडला आणि उद्या मित्र थकला, तर बँकेची नजर त्याच पैशावर जाईल. दोन्ही गोष्टी समोर असल्याशिवाय त्या जमिनीचा निर्णयच होऊ शकत नाही. म्हणून फिटंफाट नाही. फिटंफाट म्हणजे दोघांनीही झाकून ठेवायचं आणि जमीन जाऊ द्यायची.

पण दोन्ही एकाच बैठकीत, एकाच दमात काढू नका. तुम्ही आपलं सांगून लगेच ‘आणि तुम्ही?’ म्हणालात, की तुमच्या कबुलीचा डाव होतो. ते म्हणतील, हिनं माझं कपाट उचकलं, आणि बोलणं कपाटावर जाईल. आधी तुमचं सांगा, त्यांना घरी येऊ द्या, रात्र जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बोलत असोत की नसोत, कागद समोर ठेवून विचारा. आरोप नको, माहिती विचारा: कर्ज कुठल्या बँकेचं, किती, हप्ते चालू आहेत का थकलेत, अजून कुठं कुठं सही आहे. मुनीम माणसाला आकड्यांत उत्तर देणं जमेल. मित्राचं खातं थकलेलं असेल तर त्यांनी बँकेत जाऊन आजची बाकी लेखी काढून आणावी, आणि ती हातात येईपर्यंत इसाराची तारीख पुढं ढकलावी. गिऱ्हाईक थांबत नसेल तर जाऊ द्या, रस्त्याकडच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत राहतं.

पोरीला मात्र तुम्ही फोन करू नका. त्यांना करू द्या. ‘मला आईनं सगळं सांगितलंय’ हे वाक्य तिनं पप्पांच्या तोंडून ऐकलं पाहिजे. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल आई अजून काहीतरी सांभाळून घेतेय. ते अबोल्यात असले तरी लेकीला फोन करतीलच, बाप आहेत. तेवढं एक काम त्यांच्यावर सोपवा.